फोटोत आवाज येत नाही

लग्नात दोन घरं एकमेकांशी कशीबशी का होईना, जमवून घेतात. ज्यांचं कधीच जमत नाही ते म्हणजे फोटोवाले आणि व्हिडिओवाले. मी या धंद्यात केस पांढरे केलेत, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही.

मी फोटोवाली. मला माणूस थांबलेला हवा असतो आणि माणसं सांगितल्याशिवाय थांबत नाहीत. "इकडे बघा! आजी, मान वर! भाऊ, पोट आत, अजून आत, हां, आता श्वास घेतलात तरी चालेल!" असं ओरडल्याशिवाय एवढा मोठा घोळका एका फोटोत हसत नाही. म्हणून व्हिडिओवाल्यांनी माझं नाव 'तोफ' ठेवलंय. समोर 'ताई' म्हणतात, पाठ वळली की 'तोफ'. मला त्याचं काही वाटत नाही. तोफेला निदान लोक वाट तरी देतात.

व्हिडिओवाल्याला सगळं हलतं हवं, आणि तेही हळू. आमच्याकडे या कामात जो सगळ्यात पक्का आहे त्याला मी 'स्लोमो' म्हणते. जिना उतरणाऱ्या नवरीला तो "हळू, अजून हळू" म्हणत इतकी रेंगाळवतो की ती खाली पोचेपर्यंत नवरा जांभया द्यायला लागतो. माणूस हुशार आहे, पण हे मी त्याच्या तोंडावर कधी सांगायची नाही. आधीच त्याचे पाय जमिनीवर नसतात.

आमची भांडणं ठरलेली. त्याची पाठ माझ्या इतक्या फोटोंत आलीय की नुसत्या पाठीचा अल्बम निघेल. त्याचं म्हणणं, माझा आवाज पुसता पुसता त्याचं निम्मं आयुष्य गेलं. एकदा हात जोडून म्हणाला, "ताई, नवरानवरी एकमेकांकडे बघतायत, डोळ्यांत पाणी आहे, मागे मी व्हायोलिन लावलंय, आणि मधेच तुम्ही ओरडता: भाऊ, पोट आत!"

मी म्हटलं, "मग? घेतलं ना त्याने आत?"

आणि माझा कॅमेरा. जुना आहे, आतल्या आरशाचा. फोटो काढला की 'खटक्' असा दणदणीत आवाज येतो. आता बिनआवाजाचे कॅमेरे निघालेत, स्लोमो मला त्यांची चित्रं पाठवत असतो, जणू काही स्थळंच सुचवतोय. पण तो खटका ऐकला की समोरच्याचे खांदे सैल पडतात. झालं एकदाचं, असं वाटून माणूस मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या चेहऱ्यावर मी दुसरा खटका मारते. माझे सगळे चांगले फोटो दुसऱ्या खटक्याचे आहेत. स्लोमो माझ्या कॅमेऱ्याला 'हातोडा' म्हणतो.

तर, एकदा एका मुलीने आम्हा दोघांना एकाच दिवशी माझ्या स्टुडिओत बोलावून घेतलं. नवरी तीच होती. लग्न आधी पुढच्या वर्षी ठरलं होतं, ते तिने घाईने अलीकडे ओढलं होतं. सजावट, जिना, नाच, कशाबद्दलही ती बोलली नाही. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "लग्नानंतरच्या आठवड्यात बाबांचं गळ्याचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, माणूस राहील, आवाज जाईल."

तिच्या बाबांना सगळं गाव 'मास्तर' म्हणायचं. शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. गावातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या ओरड्यावर चालायला शिकल्या होत्या. चौकात कुणी चुकीचं वळलं की लोक म्हणायचे, हा मास्तरांकडे गेलेला दिसत नाही.

"मला त्यांचा आवाज हवाय," ती म्हणाली. "घरात असतो तसा. फोन समोर धरला की ते 'हां, बोल' म्हणतात आणि गप्प होतात. माझ्या लहानपणीचे व्हिडिओ आहेत, पण ते सगळे बाबांनीच काढलेले. कॅमेऱ्यामागे उभे राहायचे आणि आपण बोललो तर बिघडेल म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायचे. घरात इतका ओरडणारा माणूस, आणि आमच्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही."

स्लोमो खुर्चीत सरसावून बसला. त्याने कॉलरला लावायचा माईक, वेगळी खोली, लाइट, दोन कॅमेरे असं सगळं समजावून सांगितलं. मास्तर मुलीला उद्देशून चार शब्द बोलतील, एकदम शांततेत. 'शांततेत' म्हणताना तो छताकडे बघत होता. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, पण तेवढा वेळ तुम्ही जरा..."

"तोंडाला कुलूप," मी म्हटलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पोरीचे डोळे बघून गिळला.

लग्नाच्या दिवशी, समारंभाच्या आधी, हॉलच्या मागच्या खोलीत स्लोमोने आपला संसार मांडला. पडदे ओढले, एका कोपऱ्यातून पिवळा उजेड सोडला, खुर्चीवर मास्तरांना बसवलं. मास्तर नव्या कोटात होते आणि कोटात मास्तर नव्हते, इतके आक्रसून बसले होते. दार बंद करू नको, घुसमटतं, असं त्यांनी सांगितलं, म्हणून मी दारात उभी राहू शकले. तोंड बंद, कॅमेरा बंद. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या लग्नात फर्निचरसारखी उभी होते.

"अगदी नैसर्गिक बोला," स्लोमो म्हणाला. माणसाला अवघडून टाकायचं असेल तर याहून चांगला उपाय नाही.

मास्तरांनी घसा खाकरला. "आज माझ्या सुकन्येच्या विवाहप्रसंगी मला अत्यंत आनंद होत आहे," ते म्हणाले. पुढे संस्कार आले, आशीर्वाद आले, दोन्ही कुटुंबांचे आभार आले. हात मांडीवर चिकटवलेले. भुवई हलली नाही. ज्या माणसाच्या आवाजाने समोरचा ट्रक थांबायचा तो माणूस स्वतःच्या मुलीबद्दल असं बोलत होता, जणू उद्घाटनाला बोलावलेला पाहुणा. बोलून झाल्यावर त्यांनी कपाळ पुसलं आणि विचारलं, "झालं?"

"झकास!" स्लोमो म्हणाला. कानावरचा हेडफोन काढत, खुशीत, तो बाहेर व्हरांड्यात आला. "काचेसारखा स्वच्छ आवाज आलाय, ताई. आणि आज तुमची मदत झाली हं, गप्प राहून."

"स्वच्छ आहे," मी म्हटलं. "पण मास्तरांचा नाही."

"म्हणजे?"

"अरे, चेहरा बघितलास का? त्या चेहऱ्यातून निघालेला आवाज खरा असूच शकत नाही. परत ऐक."

"ताई, आवाजातलं तुम्ही मला सांगू नका."

"मग तू मला चेहऱ्यातलं सांगू नकोस. ऐक म्हणते ना!"

त्याने नाक मुरडत हेडफोन लावला. थोडं ऐकलं. पुन्हा मागे नेऊन ऐकलं. मग हेडफोनचा एक कान माझ्याकडे दिला. बँकेत टोकन नंबर पुकारतात ना, तसं वाटत होतं. एवढ्या निवांत आवाजात मास्तर घरात बोलले असते तर बायकोने डॉक्टर बोलावला असता.

स्लोमो भिंतीला टेकला. चेहरा उतरला होता त्याचा. म्हणाला, "मी आवाज ऐकतच नव्हतो, ताई. मी एसीची घरघर येते का, तेवढंच ऐकत होतो. नाही आली, म्हणून खूश झालो."

ही चूक दुसरं कुणी करायचं नाही. फक्त आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. कचरा नाही ना, एवढं बघत बसायचं आणि ताटात वाढलंय काय ते बघायचंच नाही. मला त्याला चार शब्द ऐकवायचे होते, जिभेवर आलेही होते. पण त्याचा चेहरा बघून मी फक्त म्हटलं, "मग आता?"

"परत बसवलं तर परत सुकन्याच येणार," तो म्हणाला. "समारंभ सुरू झाला की ते कुणाच्या हाताला लागायचे नाहीत. आणि नंतर..." नंतर काय ते दोघांनाही माहीत होतं.

मग जे झालं ते मी मरेपर्यंत त्याला ऐकवणार आहे. अडला हरी म्हणतात तसा तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बोलतं करा त्यांना."

"मी? तोफ?"

"तुमच्यासमोर माणसं बोलतात. मी पुसत असतो ना रोज, मला माहितेय. तुम्ही खोलीत शिरलात की सगळे तुम्हाला उलट उत्तरं द्यायला लागतात." थोडं थांबून म्हणाला, "फक्त एक. खटका नको. त्यांचा आवाज आधीच फाटतोय, त्यात तुमचा हातोडा पडला तर तो मला काढता यायचा नाही. कॅमेरा डोळ्याला लावा, पण दाबू नका."

"आणि चेहरा खुलला तर?"

"तरी नको."

असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. समोर चेहरा खुललाय आणि मी बटण दाबलं नाही, हे झालेलंच नाही. माझ्या स्वतःच्या नवऱ्याला ताप भरला होता तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड छान पडलाय म्हणून मी आधी फोटो काढला, मग औषध दिलं. पण मला नाही म्हणवेना. त्या पोरीला आवाज हवा होता, आणि आवाज माझ्या कॅमेऱ्यात मावत नाही.

मी खोलीत शिरले ती ओरडतच. "चला मास्तर! त्या व्हिडिओवाल्याचं आटपलं, आता माझी पाळी!"

मास्तर कोटात अजूनच आक्रसले. "परत बोलायचं?"

"छे! फोटोत आवाज येत नाही. काही बोला, शिव्या द्या, मला काय! उठा, खिडकीपाशी या. तो पडदा सरकवा आधी, कसलं हे भुयार करून ठेवलंय!"

मास्तरांचे खांदे एका दमात खाली आले. कोटाच्या कॉलरवरचा माईक ते विसरूनच गेले होते. स्लोमो, मास्तर परत आक्रसू नयेत म्हणून आपले दोन्ही कॅमेरे बंद करून, कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून वायरी गुंडाळल्याचं नाटक करत होता. त्याची पाठ पहिल्यांदाच कामाला आली.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. "बरं झालं मास्तर, मी तुमच्याकडे गाडी शिकायला आले नाही. मी भावाकडून शिकले. त्याने ओरडाआरडा न करता शिकवलं."

"चालवता का नीट?" मास्तर म्हणाले. अजून पाहुण्यासारखेच.

"मस्त चालवते. डावा पाय क्लचवर ठेवायचा, अर्धा दाबून, आणि तिथेच राहू द्यायचा. पायाला कसं बरं वाटतं."

मास्तरांची भुवई हलली. आधी एक, मग दुसरी. "काय?" ते म्हणाले. त्या भाषणात शब्द कितीतरी होते, पण असा एकही नव्हता. "क्लचवर पाय ठेवून चालवता?"

"हो की. चढावर सिग्नल लागला तर ब्रेकसुद्धा लावत नाही. क्लचवरच तोलून धरते. शेजारची बाई म्हणते, तुझ्यासारखा बॅलन्स कुणाचा नाही."

"उतरा!" मास्तर गरजले. "उतरा आधी गाडीतून!"

"अहो, गाडी कुठंय इथे?"

"जिथे असेल तिथून उतरा! अहो बाई, ती क्लच प्लेट आहे, पायपुसणं नाही! दिवसभर तुमच्या मानेवर कुणी पाय ठेवून बसलं तर बरं वाटेल तुम्हाला? आणि शेजारच्या बाईलाही आणा उद्या माझ्याकडे, दोघींना एकदमच शिकवतो!"

आवाज घोगरा होता, मधेच फाटत होता, पण खोलीच्या चारही भिंतींना लागत होता. हाताने ते हवेतला गिअर टाकत होते. मला हसू आवरेना. आणि मग त्यांनी मान वळवून दाराकडे हाक मारली, घरात मारत असतील तशी, पोटातून, "ए भिंगरे! ए भिंगरे, इकडे ये!"

"अहो ओरडू नका, फोटो हलतोय!" मी म्हटलं. ते सवयीने माझ्या तोंडून निघालं, नेमकं त्यांच्या हाकेवर.

भिंगरी म्हणजे नवरी. लहानपणी एका जागी ठरत नव्हती म्हणून घरात तिचं हे नाव पडलं होतं, हे मला नंतर कळलं. ती शेजारच्या खोलीतून आवरता आवरता तशीच आली, अर्धे केस बांधलेले. "काय झालं बाबा?"

"ही बघ कोण आलीय! क्लचवर पाय ठेवून चालवणारी! आणि हिला तू माझ्या लग्नात बोलावलंस!"

"माझ्या लग्नात, बाबा."

"तेच ते!"

ती हसली. मग तिला कोपऱ्यात स्लोमो दिसला. त्याने कानावरचा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला होता आणि तो वळून तिच्याकडे बघत होता. मुलगी मास्तरांचीच, तिला सांगावं लागलं नाही. क्षणभर जागच्या जागी उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, यांना तुमच्या लग्नातल्या फोटोवाल्याचं सांगा ना."

"तो!" मास्तरांनी कपाळावर हात मारला. "हिच्या आईचा मामेभाऊ. हौशी कलाकार. दिवसभर खुर्च्यांवर चढतोय, जमिनीवर लोळतोय, माझ्या सासऱ्यांना म्हणतोय, जरा प्रेमाने बघा जावयाकडे. सासरे बिचारे बघतायत प्रेमाने! संध्याकाळी कॅमेरा उघडला तर आत रोलच नाही."

"रोलच नाही?" मी म्हटलं. हे मी खोटं विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात याहून भयंकर गोष्ट नाही.

"घातलाच नव्हता! मग पुढच्या रविवारी सगळ्यांना परत नटवलं. परत तेच कपडे, तीच माणसं, आली तेवढी. सगळं झालं, आणि आला तो निरोपाचा फोटो. मुलगी सासरी निघाली म्हणून आईने रडायचं. आता ही मुलगी आठवडाभर माझ्याशी भांडून तीनदा माहेरी जेवून आलेली! सासूबाईंना रडू येणार कुठून? त्यांना फुटलं हसू. त्यांचं बघून हिच्या आईला. मग सासऱ्यांना. आजही अल्बम उघडला की लोक विचारतात, मुलगी चाललीय आणि घरचे एवढे खूश का हो?"

आणि ते हसायला लागले. मान मागे टाकून, डोळे मिटून, एक हात खिडकीला टेकवून. हसण्यात खोकला, खोकल्यात हसणं. खिडकीतला उजेड बरोबर गालावर आला होता. लेक बाजूला त्यांच्या कोटाची बाही धरून हसत होती. मी इतकी वर्षं लग्नं करतेय, पण असा चेहरा क्वचित समोर येतो. माझं बोट बटणावर होतं. बोट माझं ऐकत नाही सहसा, डोळ्याचं ऐकतं. मी ते दुसऱ्या हाताने धरलं, अक्षरशः धरलं, आणि तो चेहरा समोरून जाऊ दिला. जीव तुटतो म्हणतात तो असा.

मास्तरांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पण काय हो फोटोवाल्या बाई, तुमचा खटका एकदाही ऐकू आला नाही. तुम्ही तरी रोल घातलाय ना?"

"तुम्ही तोंड बंद करा, मग काढते!" मी म्हटलं.

बोलून गेले आणि कॅमेरा डोळ्यावरून खाली आला. दिवसातून शंभर वेळा शंभर जणांना म्हणते मी हे. पण कुणाला म्हटलं आज! लेकीचं हसणं तिथल्या तिथे थांबलं. स्लोमोने डोळे मिटून घेतले.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात डॉक्टर करणारच आहेत बंद. तोवर चालू दे की." आणि स्वतःच्याच बोलण्यावर पुन्हा हसले. लेकीच्या गालावरून बोट फिरवून म्हणाले, "तू कशाला रडतेस, भिंगरे? इतकी वर्षं माझ्या आवाजाने कान किटले म्हणायचीस. आता जरा शांत बसून ऐक तुझ्या नवऱ्याचं. माझं काय ऐकायचं ते ऐकून झालंय तुझं."

"नाही झालं," ती म्हणाली.

त्यांनी तिला जवळ घेतलं, आणि तिच्या डोक्याला कॉलर लागली तेव्हा त्यांच्या हाताला तो माईक लागला. त्यांनी तो चिमटीत धरून बघितला. मग स्लोमोकडे बघितलं. 

"हे चालू होतं?"

मला पाच मिनिटं एसीवर व्याख्यान देऊ शकणाऱ्या स्लोमोने हेडफोन काढून हातात घेतला. "हो, मास्तर," एवढंच म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसतो."

मास्तरांनी लेकीकडे बघितलं. तिने काही मागितलं नाही, फक्त बाही सोडली नाही. "ते मघाचं पुस," मास्तर म्हणाले. "ते सुकन्या वगैरे. हे राहू दे." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि या बाईला लायसन्स कुणी दिलं ते शोधून काढा."

त्यानंतर मी त्यांचे फोटो काढले. चांगले आले. माझे येतातच. पण तो चेहरा त्यांत नाही.

ऑपरेशन झालं, पार पडलं. ऋतू बदलला तेव्हा नवरी अल्बम न्यायला आली. स्लोमो आधीच माझ्या स्टुडिओत येऊन बसला होता. फिल्म त्याने तिला केव्हाच दिली होती, पण त्याला माझ्यासमोर तिला विचारायचं होतं.

"ताईंचा आवाज मी काढून बघितला," तो म्हणाला. "पण ताई काढल्या की मास्तर वेड्यासारखे एकटेच भिंतीशी भांडतायत असं वाटतं. आणि काही ठिकाणी दोघं एकदमच बोललेत. तिथे ताई निघतच नाहीत. तुम्हाला नको असेल तर अजून प्रयत्न करतो."

"नको," ती म्हणाली. "राहू दे त्यांना. बाबा कुणाशी तरी बोलतायत, हेच तर हवं होतं मला."

स्लोमोने माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याच्या घरात मी कायमची राहायला आलेय.

अल्बम तिने शेवटपर्यंत पाहिला. मग पुन्हा मागची पानं चाळली. मला कळलं ती काय शोधतेय. "तो खिडकीपाशी हसतानाचा..." ती म्हणाली.

"नाही काढला," मी सरळ सांगितलं. "काढला असता तर तुला आवाज मिळाला नसता. दोन्हींतलं एकच होतं आणि मी दुसरं दिलं. हळहळ मला आहे, तू करू नकोस."

ती काही बोलणार तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. आणि माझ्या स्टुडिओत मास्तर गरजले: "ए भिंगरे! ए भिंगरे, इकडे ये!" त्यातच, त्यांच्या आवाजाला धक्के देत, मी: "अहो ओरडू नका, फोटो हलतोय!"

मी खुर्चीतून उडालेच. स्लोमो मान खाली घालून हसत होता. तेवढा तुकडा त्यानेच कापून तिच्या फोनमध्ये रिंगटोन म्हणून घातला होता, फक्त बाबांच्या नंबरला.

"खाली गाडी लावत होते," ती म्हणाली. "बोलता येत नाही ना, मग आलो म्हणून फोन करतात."

फोन वाजत राहिला. हाक संपली की पुन्हा पहिल्यापासून. ती हातात फोन धरून बसली होती, उचलत नव्हती. मी खिडकीतून खाली बघितलं. मास्तर गाडीला टेकून उभे होते, गळ्याला मफलर, कोटाशिवाय आता पुन्हा रुंद दिसत होते. फोन त्यांनी कानाला लावला नव्हता. समोर धरला होता आणि वर आमच्या खिडकीकडे बघत होते. ती लगेच उचलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तेही फोन ठेवत नव्हते.